सावकाश धावून वेग कसा वाढतो? मारित ब्योर्गेनच्या कारकिर्दीतून ‘झोन टू’चं गणित

रविवारी पहाटे शहरातल्या कुठल्याही टेकडीवर किंवा तलावाकाठी धावणाऱ्यांच्या घोळक्यात हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं: “आज फक्त झोन टू.” म्हणजे हृदयाचे ठोके घड्याळाने आखून दिलेल्या मर्यादेच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. सोसायटीतले साठीचे काका हात करून पुढे निघून गेले तरी आपण मुकाट मागेच राहायचं. मुंबई मॅरेथॉनसाठी घाम गाळणाऱ्या कित्येकांना हे पटतही नाही आणि सोडवतही नाही. वेग वाढवायचाय ना, मग सावकाश कशासाठी?

यावर सल्ले देणारे व्हिडिओ ढिगाने सापडतील. त्यापेक्षा एखाद्या जगज्जेत्या खेळाडूच्या रोजच्या सरावाचा हिशेब बघायला मिळाला तर जास्त कळेल, आणि असा हिशेब उपलब्ध आहे. तो नॉर्वेच्या मारित ब्योर्गेनचा. ती धावपटू नव्हे, क्रॉस-कंट्री स्कीइंगची खेळाडू. २०१८ मध्ये निवृत्त झाली तेव्हा हिवाळी ऑलिंपिकच्या इतिहासात तिच्याइतकी पदकं कुणाकडेच नव्हती, ना बाईकडे ना पुरुषाकडे.

## आधी हा खेळ काय आहे ते बघू

स्कीइंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगरावरून सुसाट खाली येणारा माणूस येतो. क्रॉस-कंट्रीत ते सुख थोडंच. इथे चढही चढायचा असतो, तोही पायांत लांबलचक पट्ट्या आणि हातांत दोन काठ्या घेऊन. शर्यतीच्या मार्गात ढोबळमानाने एक तृतीयांश चढ, एक तृतीयांश उतार आणि उरलेला भाग खाली-वर होणारा. अंतर सारखं असलं तरी चढावर वेळ जास्त जातो, त्यामुळे शर्यतीचा निकाल बहुतेकदा तिथेच लागतो.

प्रकार दोन. ‘क्लासिक’मध्ये बर्फात कोरलेल्या दोन समांतर चरांतून पाय पुढे-मागे टाकत जायचं. ‘फ्रीस्टाइल’मध्ये स्केटिंगसारखे पाय बाहेर फेकत जायचं. क्लासिकची स्की मधोमध किंचित कमानदार असते. नुसतं उभं राहिलं की मधला भाग बर्फापासून थोडा उचललेला राहतो, पाय दाबला की तो बर्फाला टेकतो. त्या मधल्या भागाला बर्फ धरून ठेवणारं वॅक्स लावतात आणि दोन्ही टोकांना घसरणारं. बर्फ ओला आहे की कोरडा, ताजा की जुना, तापमान शून्याच्या किती खाली, यावर वॅक्स बदलतं. ते चुकलं तर चांगल्यातली चांगली खेळाडूही जागच्या जागी घसरते. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये नॉर्वेच्या महिलांचा रिले संघ सुवर्णपदकाचा हक्काचा दावेदार होता. तो पाचवा आला आणि खापर वॅक्सवर फुटलं.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचं एवढंच की या खेळात पाय, पोट, पाठ, खांदे आणि दंड सगळे एकाच वेळी राबतात. सगळ्यांनाच ऑक्सिजन हवा असतो, आणि तोही तासभर किंवा त्याहून जास्त वेळ. त्यामुळे दमसास कसा घडतो हे शिकायचं तर याहून चांगला खेळ मिळणं अवघड.

## पहिल्या ऑलिंपिक सुवर्णाला अकरा वर्षं लागली

मारितचा जन्म १९८० चा. त्रोन्हेमच्या दक्षिणेला रोग्नेस नावाच्या गावात, शेतावर ती वाढली. विश्वचषक मालिकेत ती १९९९ मध्ये उतरली. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये रिलेचं रौप्य मिळालं. सुरुवातीला तिची ओळख छोट्या पल्ल्याची, म्हणजे स्प्रिंटची खेळाडू अशी होती. २००३ मध्ये वाल दी फिएम्मेला जागतिक स्पर्धेत स्प्रिंटचं सुवर्ण आणि २००५ मध्ये ओबर्स्टडॉर्फला तीन सुवर्णं. आता २००६ चं तोरिनो ऑलिंपिक आपलंच, असं नॉर्वेत सगळे धरून चालले होते. तिथे मिळालं एक रौप्य. पुढची दोन-तीन वर्षं घसरणीची गेली आणि २००९ मध्ये लिबेरेत्सच्या जागतिक स्पर्धेतून ती रिकाम्या हाताने परतली. वय २९ च्या घरात. तेव्हा निवृत्तीची बातमी आली असती तरी कुणाला फारसं नवल वाटलं नसतं.

वर्षभरात व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये तिने पाच पदकं घेतली, त्यांतली तीन सुवर्ण. सोचीला आणखी तीन सुवर्णं. २०१८ मध्ये प्योंगचांगला वयाच्या ३७ व्या वर्षी पुन्हा पाच पदकं, त्यांत दोन सुवर्ण. एकूण १५ ऑलिंपिक पदकं, त्यांपैकी आठ सुवर्ण. जागतिक स्पर्धांतली १८ सुवर्णं आणि विश्वचषकातले ११४ विजय वेगळेच.

प्योंगचांगमधली ३० किलोमीटरची क्लासिक शर्यत ही त्या ऑलिंपिकची शेवटची स्पर्धा होती. मारित एकटीच पुढे निघाली आणि दुसऱ्या आलेल्या फिनलंडच्या क्रिस्ता पार्मकोस्कीच्या १ मिनिट ४९.५ सेकंद आधी पोचली. आठ वर्षांपूर्वी व्हँकुव्हरला याच अंतराची शर्यत ती अवघ्या ०.३ सेकंदाने हरली होती. तिच्या या सुवर्णाने नॉर्वेची १४ सुवर्णं झाली, म्हणजे जर्मनीइतकीच. रौप्यपदकं जास्त असल्याने पदकतक्त्यात नॉर्वे पहिला. सहा आठवड्यांत तिने निवृत्ती जाहीर केली.

## नोंदींमध्ये काय सापडलं?

खेळाडू सरावाची रोजनिशी ठेवतातच. मारितच्या नोंदी नॉर्वेच्या क्रीडाशास्त्रज्ञांनी तपासल्या आणि २०१७ मध्ये शोधनिबंध छापला. त्यातले आकडे थक्क करणारे आहेत, पण लोक समजतात त्या कारणासाठी नव्हे.

विसाव्या वर्षी ती वर्षाला ५२२ तास सराव करत होती. पस्तिशीला हा आकडा ९४० वर गेला. वाढ सरळ रेषेत झाली नाही, मध्ये चढउतार आहेत. सर्वांत यशस्वी पाच हंगामांची सरासरी काढली तर वर्षाला ९३७ तास, म्हणजे आठवड्याला साधारण १८. त्यातला सुमारे ९१ टक्के वेळ दमसासाच्या सरावाचा, ८ टक्के ताकदीचा, उरलेला स्प्रिंटसारख्या वेगाचा.

खरी गंमत पुढे आहे. दमसासाच्या या तासांपैकी ९२.३ टक्के कमी तीव्रतेचे होते. मध्यम तीव्रता २.९ टक्के आणि जोरदार ४.८ टक्के. तासांत सांगायचं तर वर्षातले जवळपास ७८३ तास ती सावकाश सराव करत होती आणि खरोखर धाप लागेल असा सराव फक्त ४० तासांच्या आसपास.

हौशी धावणाऱ्यांचं नेमकं उलटं असतं. रोज थोडी धाप लागते, घाम येतो, “आज चांगलं झालं” असं वाटतं. तो वेग धड सावकाशही नसतो आणि धड जोरातही नसतो. मारितने ज्या मधल्या पट्ट्याला वर्षाला २५ तासही दिले नाहीत, त्यातच आपण मुक्कामाला असतो.

## ‘सावकाश’ म्हणजे नेमकं किती?

नॉर्वेच्या ऑलिंपिक प्रशिक्षण व्यवस्थेत तीव्रतेचे पट्टे हृदयाच्या कमाल ठोक्यांवरून आखतात. त्यातला पहिला पट्टा ६० ते ७२ टक्क्यांचा, दुसरा ७२ ते ८२ टक्क्यांचा. हे दोन्ही मिळून ‘कमी तीव्रता’. समजा तुमचे कमाल ठोके मिनिटाला १८० आहेत, तर १४८ च्या आतलं सगळं यात आलं.

इथे दोन गोम आहेत. एक म्हणजे ‘२२० वजा वय’ हे सूत्र सरासरीचं आहे. एखाद्याच्या बाबतीत ते दहा-पंधरा ठोक्यांनी सहज चुकतं. दुसरं असं की प्रत्येक कंपनीचं घड्याळ पट्टे वेगळे पाडतं, त्यामुळे तुमचा ‘झोन टू’ आणि शेजाऱ्याचा ‘झोन टू’ एकच असेल असं नाही. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे. उन्हात अंग थंड ठेवायला हृदयाला जादा राबावं लागतं, त्यामुळे जानेवारीतल्याच वेगाला ठोके वर जातात.

म्हणून जुनीच कसोटी बरी: धावताना पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. “हो”, “नाही”, “पाणी” एवढंच निघत असेल तर वेग जास्त झाला. गाणं म्हणता आलंच पाहिजे असं मात्र नाही.

## शरीरात काय बदलतं?

स्नायू साखर आणि चरबी जाळून काम करतात. जोर वाढला की साखर झपाट्याने वापरली जाते आणि ‘लॅक्टेट’ नावाचा पदार्थ भराभर तयार होतो. त्याला विष समजायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात तेही त्याच्यामुळे नव्हे. उलट हृदय आणि इतर स्नायू त्याचाच इंधन म्हणून वापर करतात. प्रश्न आवक आणि उठाव यांच्या तोलाचा आहे.

घरातली मोरी डोळ्यांसमोर आणा. नळाची धार म्हणजे लॅक्टेटची आवक, खालचं भोक म्हणजे त्याचा उठाव. धार बारीक असेतो पाणी येतं तसं वाहून जातं. धार एका टप्प्यापलीकडे मोठी केली की मोरी तुंबायला लागते. धावताना पाय जड होतात, श्वास आवरेनासा होतो, तो हा क्षण. या टप्प्याला ‘लॅक्टेट थ्रेशोल्ड’ म्हणतात. शर्यत जिंकायची तर नळ जास्तीत जास्त सोडूनही मोरी तुंबता कामा नये, म्हणजेच भोक मोठं हवं.

ते मोठं होतं तासन् तास बारीक धार चालू ठेवल्याने. सावकाश सरावात स्नायूंभोवती सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची संख्या आणि क्षमता वाढते. चरबी जाळायची सवय लागते, त्यामुळे साखर शेवटच्या चढासाठी शिल्लक राहते. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. यातलं काहीही पंधरवड्यात होत नाही.

मग हेच बदल जोरात धावून लवकर घडवता येणार नाहीत का? काही प्रमाणात येतात, पण त्याची किंमत मोजावी लागते. जोरदार सरावानंतर शरीर सावरायला एक-दोन दिवस जातात, सावकाश सरावानंतर दुसऱ्या दिवशी, किंबहुना त्याच संध्याकाळी, पुन्हा बाहेर पडता येतं. आठवड्याला १८ तास भरायचे असतील तर दुसरा मार्गच नाही.

## मग ते ४० तास कशासाठी?

कारण नुसतं सावकाश धावून शर्यतीचा वेग येत नाही. हृदयाला कमाल क्षमतेजवळ नेऊन ठेवायला, आणि दमलेल्या अवस्थेतही तंत्र न मोडता स्की मारायला जोरदार सराव लागतोच. मारितने तो कधीच सोडला नाही.

टक्केवारीतली एक फसगतही इथे सांगायला हवी, कारण निम्मे गैरसमज तिच्यामुळे होतात. समजा एखाद्या दिवशी पाच-पाच मिनिटांच्या पाच जोरदार फेऱ्या आहेत. आधी अर्धा तास अंग गरम करायचं आणि शेवटी सावकाश परत यायचं. दीड तासाच्या या सरावातली मोजकीच मिनिटं ‘तीव्र’ खात्यात पडतात, बाकीचा वेळ ‘सावकाश’मध्ये. पण खेळाडूच्या लेखी तो दिवस जोरदार सरावाचाच. म्हणून तासांनी मोजलं तर आकडा ९२ टक्के येतो, आणि दिवसांनी मोजलं तर बऱ्याच अव्वल खेळाडूंचा हिशेब पाचांत चार सावकाश, एक जोरदार असा निघतो. ‘८०-२०’ म्हणून प्रसिद्ध झालेलं सूत्र ते हेच. दोन्ही आकडे खरे आहेत, मोजपट्टी वेगळी आहे.

## “पण ती तर दम्याचं औषध घ्यायची!”

ही शंका इंटरनेटवर दर दोन ओळींनी भेटते आणि ती टाळून चालणार नाही. मारित दम्याचं औषध घेत होती, त्यासाठी तिच्याकडे अधिकृत परवानगी होती. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या वेळी पोलंडच्या युस्तिना कोवाल्चिकने, म्हणजे वर सांगितलेली ०.३ सेकंदाची शर्यत जिंकणारीनेच, यावर जाहीरपणे बोट ठेवलं होतं.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. थंड, कोरडी हवा मिनिटाला शंभरावर लिटर अशी वर्षानुवर्षं आत ओढली की श्वासनलिका सुजतात, आकसतात. क्रॉस-कंट्री खेळाडूंमध्ये दमा आणि दम्यासारखा त्रास सामान्य लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो. हा एक प्रकारे त्यांच्या धंद्याचा आजार आहे. श्वासावाटे ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या या औषधांनी निरोगी माणसाचा दमसास वाढतो, असा ठोस पुरावा नाही. मोठ्या मात्रेत किंवा पोटात घेतल्यावर गोष्ट बदलते, म्हणूनच मात्रेवर मर्यादा घातल्या आहेत.

नॉर्वेच्या संघावर डाग पडले ते निराळ्या प्रकरणांत. मार्टिन सुंदबीने दम्याचं औषध नेब्युलायझरने मर्यादेबाहेर घेतलं म्हणून २०१६ मध्ये त्याच्यावर दोन महिन्यांची बंदी आली आणि विश्वचषकाचं एक सर्वसाधारण विजेतेपदही गेलं. त्याच वर्षी मारितची सहकारी तेरेसे योहाउग ओठांना लावायच्या मलमातल्या स्टेरॉइडमुळे अडकली. बंदी वाढून १८ महिन्यांवर गेली आणि प्योंगचांग हुकलं. मारितच्या नावावर मात्र असा एकही निकाल नाही. तरीही ज्या संघात अशी प्रकरणं घडली, त्याच्याकडे प्रतिस्पर्ध्यांनी संशयाने पाहावं यात मला काही गैर वाटत नाही. पण त्या संशयाने ७८३ तास खोडले जात नाहीत. ते तास भरल्याशिवाय कुठलंही औषध ३० किलोमीटरच्या शर्यतीत पावणेदोन मिनिटांची आघाडी देत नाही.

## “नॉर्वेत बर्फ आहे, आणि ती जन्मजातच तशी असणार”

दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या. मिनिटाला शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, याची मर्यादा मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असते. आणि जिथे मूल चालायला लागल्यावर लगेच स्कीवर चढतं, तिथल्या स्पर्धकाशी बरोबरी सोपी नाही. त्याच प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये भारताचा जगदीश सिंग १५ किलोमीटरच्या शर्यतीत १०३वा आला. तोही सैन्याच्या गुलमर्गमधल्या प्रशिक्षणातून घडलेला, कष्टात कमी नसलेला खेळाडू.

पण एक तपशील लक्षात घ्या. स्कीइंगपटूंच्या सरावाचा मोठा वाटा मे ते ऑक्टोबर या बर्फ नसलेल्या महिन्यांत होतो. डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्की, डोंगरवाटांवर काठ्या घेऊन चढाई आणि साधं धावणं.

## बाळंतपण आणि पुनरागमन

डिसेंबर २०१५ मध्ये मारितला मुलगा झाला. त्या काळातल्या तिच्या सरावावरही शास्त्रज्ञांनी लिहिलं आहे. गरोदरपणात तिने सराव थांबवला नाही, पण दिवस भरत गेले तसा तो कमी केला. बाळंतपणानंतर तो टप्प्याटप्प्याने वाढवला. २०१७ मध्ये लाहतीच्या जागतिक स्पर्धेत महिलांच्या सहापैकी चार सुवर्णं तिने मिळवली. वर्षानुवर्षांच्या सरावाचा पाया आणि हाताशी तज्ज्ञांचा ताफा असलेल्या बाईची ही गोष्ट आहे. ती सुनेला किंवा मैत्रिणीला ‘बघ, तिने कसं केलं’ म्हणून ऐकवायची नाही.

## आठवड्याला चारच तास मिळतात, त्यांनी काय करायचं?

चार तास म्हणजे वर्षाचे दोनशेच्या आसपास. यात मारितची टक्केवारी जशीच्या तशी बसवण्यात अर्थ नाही. चार दिवस धावत असाल तर तीन दिवस खरोखर सावकाश आणि एक दिवस खरोखर जोरात, असं ठेवलं तरी पुष्कळ. आठवड्यातून दोनदाच धावत असाल तर दोन्ही वेळा रेंगाळून फारसं हाती लागणार नाही. तिथे एकूण तासच इतके कमी आहेत की थोडा जोर हवाच.

ताकदीचा सराव मात्र चुकवू नका. तिचे ८ टक्के म्हणजे आठवड्याला दीड तास, जगज्जेतीला जे लागतं ते चाळिशीतल्या गुडघ्यांना लागणार नाही असं कसं? आणि तास वाढवायची घाई करू नका. ५२२ वरून ९४० वर जायला तिला पंधरा वर्षं लागली. सरासरी काढली तर दर वर्षी आठवड्याला जेमतेम अर्ध्या तासाची भर. आपल्याकडे नवीन बूट आले की पहिल्याच महिन्यात आठवड्याचे तास दुप्पट होतात आणि तिसऱ्या महिन्यात फिजिओथेरपिस्टची वेळ घ्यावी लागते.

शेवटचा नेहमीचा प्रश्न घाटाचा. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीसाठी यवतेश्वरचा घाट चढायला घेतला की कितीही हळू धावलं तरी ठोके मर्यादेबाहेर जातात, मग? मग चालायचं. उन्हाळी डोंगरवाटांवर सावकाश सरावाच्या दिवशी नॉर्वेचे स्कीइंगपटूही तीव्र चढावर धावणं सोडून चालू लागतात आणि माथ्यावर पोचल्यावर पुन्हा धावायला घेतात. घाटात मागून येणारी दुधाची गाडी हॉर्न वाजवेल, गाडीवरचा पोरगा हसेलही. तेव्हा ठोके बघा, वेग बघू नका.